तीन कॅन

९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर म्हणाला, राग तोंडाने काढू नका, वहीत काढा, प्रेशर उतरेल. फी घेतली भरपूर आणि औषध म्हणून वही लिहायला सांगितली. तेव्हा पहिला राग त्याच्यावरच.

दुसरा घरातल्या माणसावर. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण ग्रह निदान आकाशात फिरतो. आमचा सानपाड्याला माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलाय. शौनकराव हेलिकॉप्टर चालवतात. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी कंपनी होती, तिने वर्षापूर्वी घरी बसवलं. मग भाड्याचं घर सोडलं आणि आमच्या श्रुतीला घेऊन इथे आले, 'दोन महिन्यांसाठी'. सकाळी माझ्या आधी पेपर उघडतात. मी काही बोलत नाही. बायको, वैजयंती, म्हणते, बोलायला कशाला हवं, तुमच्या कपाळावर सगळं छापलेलं असतं.

आता तिच्या भावाने नवीन खूळ काढलंय. आप्पांचा वाशीच्या बाजारात आंब्याचा गाळा आहे. पेणकडच्या डोंगरउतारावरच्या बागा त्यांनी मक्त्याने घेतल्यात. मोहोरावर तुडतुडे पडले की माणसं पंप घेऊन एकेका झाडाशी झटेपर्यंत मोहोर काळा पडतो. म्हणून आप्पांनी एक जुनं हेलिकॉप्टर भाड्याने आणलंय, औषधाची टाकी आणि फवारणीच्या नळ्या लावलेलं. आपल्या बागा करून झाल्या की शेजारच्या बागाही करणार. पायलट घरचाच. आणि इंधनावर लक्ष ठेवायला मी.

"दाजी, उडवणारा तुमचा जावई, पाजणारे तुम्ही. मला टेन्शनच नाय," आप्पा म्हणाले.

आयुष्यभर बस डेपोत डिझेल सांभाळलं मी. ड्रायव्हरच्या हाताचा वास घेऊन सांगायचो, माल कुठे गेला. हो म्हटलं लगेच. घराबाहेर पडता येईल, आणि शौनकराव माझ्या हाताखाली येतील. खोटं कशाला लिहू, दुसऱ्या कारणाचा आनंद जास्त झाला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ सगळ्यांनी घेतला, गोड कोणी बोललं नाही.

जेवताना मी गणित मांडलं. हेलिकॉप्टर किती वजन उचलणार हे ठरलेलं. इंधन जास्त भरलं की औषध कमी भरावं लागतं, औषध कमी म्हणजे तेवढ्याच बागेला फेऱ्या जास्त. वीस लिटरचे तीन कॅन घातले की एक फेरी व्यवस्थित होते. शौनकराव म्हणाले, चार हवेत.

"चौथा कशाला?"

"राखीव."

"कशासाठी राखीव?"

"जे आत्ता ठाऊक नाही त्यासाठी."

हे उत्तर! डेपोत असं बोलणाऱ्याला मी घरी बसवला असता. मग त्यांनी फोड करून सांगितलं. हेलिकॉप्टर राहणार नावड्याला. उलव्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून नावड्याला येताना परवानगी मागावी लागते, आणि विमानांची वर्दळ असेल तर बाजूला घिरट्या घालत थांबवतात.

"मग थांबा. थांबायला इंधन कशाला लागतं?"

"बाबा, बस सिग्नलला बंद करता येते. हे हवेत नुसतं उभं राहिलं तरी पितच असतं."

"मग वेळ बघून निघा. रिक्षावाल्यालासुद्धा कळतं गर्दी कधी असते ते."

"तुम्ही कधी बसलायत हेलिकॉप्टरमध्ये?"

"मी चोरांच्या शेजारी बसलोय जन्मभर. चौथा कॅन कुठे जातो ते मला कोणी शिकवू नये."

श्रुती ताट घेऊन उठली. बाबा, तुम्ही त्याला चोर म्हणालात, असं म्हणाली. मी नाव घेतलं नव्हतं. वैजयंतीने माझ्या ताटात गुळाची पोळी आपटली. तेवढ्यात मी आप्पांना फोन लावला आणि त्यांनी निकाल दिला, दाजी बोलले ते फायनल. तीन कॅन.

१९ जानेवारी, सोमवार

नावड्याला जाऊन आलो. तळोज्याच्या कारखान्यांमागे एक सपाट प्लॉट आहे, तिथे हेलिकॉप्टर उभं असतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये इंधनाची पिंपं. त्या शेडमध्ये धर्मराज नावाचा माणूस आहे, इंधन भरणारा. साताऱ्याकडचा. पूर्वी बाजारात आप्पांच्या गाळ्यावर ओझी उचलायचा, मग कुठे कुठे विमानं भरायला शिकला. मान जाड, आवाज त्याहून जाड, आणि उलट बोलायची भारी हौस. नावावर जाणारा मी नाही.

हा पहाटे काय करतो? टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढतो आणि उजेडाकडे धरून बघत बसतो. पाणी उतरलंय का बघतोय म्हणे. बघून झालं की ते परत टाकीत ओतत नाही! वेगळ्या डब्यात जमा करतो. डब्याचं काय होतं विचारलं तर म्हणाला, "खराब झाल्यालं परत पाजायचं व्हय? चुलीला जातंय." ऐका. रोज. मग कॅन रिता करण्याआधी एक तार हेलिकॉप्टरला जोडतो, दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. सत्यनारायणाला एवढी मांडामांड नसते. मी म्हटलं, बागेत इंजिन चालू ठेवूनच भरणार ना, तेवढ्या वेळात ते फुकट पितं त्याचं काय?

"ठिणगी पडली तर काय ऱ्हानार न्हाय साहेब. तुमी बी न्हाय आन तुमचा हिशेब बी न्हाय."

शौनकराव हसले. सासऱ्याला नोकर उलट बोलतो आणि जावई हसतो. नंतर दोघं शेडमागे चहा पीत कुजबुजत होते. मी गेलो तसे गप्प झाले.

२७ जानेवारी, मंगळवार

फवारणी जोरात आहे. पहाटे जीप पिंपं आणि औषध घेऊन रस्त्याने बागेत जाते. मागून हेलिकॉप्टर येतं, बागेतल्या माळावर उतरतं. पंखा फिरत असतानाच धर्मराज तीन कॅन ओततो, इतर गडी औषध भरतात, आणि ते पुन्हा उडतं. वारा उठला की काम बंद, हेलिकॉप्टर परत नावड्याला.

नवल म्हणजे शौनकरावांची कुरकुर थांबलीय. चौथ्या कॅनचं नाव काढत नाहीत. धर्मराज तीन बोटं दाखवतो, हे अंगठा दाखवतात, उडतात. वाघाची शेळी झाली. वैजयंतीला म्हटलं, बघ, शिस्त लावली की लागते. ती म्हणाली, तुमचं ऐकून कोणी सुधारल्याचं मला लग्नापासून आठवत नाही.

एक रड मात्र चालू आहे. हेलिकॉप्टरमधला इंधनाचा काटा नेहमी कमी दाखवतो आणि इंधन संपत आल्याचा दिवाही उगाच लागतो, त्यामुळे शौनकराव तो भाग बदला म्हणतात. आप्पा म्हणाले, सीझन उरकू दे. मीही म्हटलं, काट्याकडे बघू नका, कॅन मोजा. कॅन खोटं बोलत नाही. शौनकराव म्हणाले, "हो, सध्या कॅनच मोजतोय."

पण पिंपं लवकर संपतायत. ओतलेल्या कॅनांच्या मानाने फारच लवकर. माझं नाक मला फसवत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!

काल संध्याकाळी शेडमधून एक रिकामा कॅन गोणपाटात गुंडाळून घरी आणला. आज बायको भाजीला गेल्यावर बाथरूममध्ये बसलो आणि तिच्या दुधाच्या मापाने त्यात पाणी ओतलं. वीसच्या खुणेपर्यंत बरोबर वीस मापं. पण खुणेच्या वर गळा आहे चांगला उंच, आणि तिथपर्यंत भरलं तर जवळजवळ चोवीस! धर्मराज कॅन गळ्यापर्यंत भरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सांगताना वीस, भरताना चोवीस. वरचे चार कुठे जातात? पिंपातून तर बाहेर पडतात. तो ओतताना खुणेइतके ओतत असणार आणि उरलेले त्याच्या डब्यात. चुलीचा डबा! एवढी चूल तर लग्नाच्या मांडवात पेटत नाही.

वैजयंती आली आणि नाक धरून ओरडली, बाथरूमला रॉकेलचा वास कसला? माझ्या दुधाच्या मापाला काय केलंत? मी म्हटलं, तुझ्या भावाला बुडण्यापासून वाचवलं. ती म्हणाली, आधी माप घासा.

किती दिवसांनी छाती फुगली. म्हातारा झालो म्हणून बाजूला टाकलेल्या माणसाला असं काही सापडलं की कसं वाटतं, ते टाकलेल्यालाच कळतं.

शौनकरावांना सांगावं का? नाही. त्यांची आणि त्याची दोस्ती आहे. आधी रंगेहाथ.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रबाळ्याला प्लास्टिकचा कारखाना चालवणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडून नवे कॅन घेतले, बुटक्या गळ्याचे. काठोकाठ भरला तरी वीस, थेंब जास्त मावणार नाही. तोच पिवळा रंग, लांबून कोणाला फरक कळणार नाही. सोमवारी पहाटे जीपमधले जुने उतरवायचे, हे ठेवायचे. पिंपं पुरली तर चोरी तीच. नाही पुरली तर आणखी बीळ शोधायचं.

कोणाला सांगितलेलं नाही. सापळ्याची जाहिरात करायची नसते.

९ फेब्रुवारी, सोमवार

बागेत, जीपच्या पुढच्या सीटवर बसून लिहितोय. काम फत्ते.

हेलिकॉप्टर उतरलं. धर्मराजने पहिला कॅन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"साहेब, ह्यो आपला कॅन न्हाय. हलका लागतुया."

चोराच्या मनात चांदणं. "हलका नाही, बरोबर आहे. वीस म्हणजे वीस."

"दादास्नी सांगितलंय का?"

"त्यांना काय सांगायचं? तीन कॅन ठरलेत, तीन घाल."

त्याने कॅन तिथेच सोडला. मग हेलिकॉप्टरकडे धावला. मी दंड धरला. पंख्याच्या घरघरीत 'दादा, कॅन! कॅन!' असं ओरडत होता, कोणाला ऐकू जाणार? शौनकरावांनी हेल्मेटमधून आमच्याकडे पाहिलं. आमची भांडणं त्यांना रोजचीच. मी अंगठा दाखवला. त्यांनीही दाखवला. ड्रायव्हर कान्हाला म्हटलं, तू ओत तीन.

"एक तरी कॅन वर घाला," धर्मराज म्हणाला. आता आवाज उतरला होता. "मंग मला काय बी करा. पोलिसात द्या."

"चार चार लिटर बुडाले म्हणून एवढं दुखतंय?"

तेव्हा तो जे बोलला ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेवटी ओरडला, "आवो, त्यो तुमचा जावई हाय का माझा?"

तिथल्या तिथे काढून टाकला. बागेच्या राखणदारांनी धरून गाडीरस्त्यापर्यंत सोडला. उडताना मोबाईल जवळ ठेवायचा नाही हा नियम मीच केलाय, त्यामुळे शौनकरावांचा फोन माझ्या खिशात असतो. तो वाजायला लागला. धर्मराज. थांबला आणि पुन्हा वाजला. मी बंद करून ठेवला. चुगल्या करायची घाई बघा.

सगळ्या फेऱ्या नीट झाल्या. कान्हा सांगितलं तेवढं करतो, तोंड उघडत नाही. पिंपात आज मस्त इंधन उरलं! आता शेवटचे तीन कॅन घालून शौनकराव गेलेत, वरच्या उताराचा मोहोर फवारून तसेच नावड्याला जातील. संध्याकाळी आप्पांना सगळं सांगायचं, शौनकरावांसमोर. तोंड बघायचंय त्यांचं.

त्याच दिवशी, पनवेलच्या हॉस्पिटलात

तो नावड्याला पोहोचला नाही.

विमानं येत होती म्हणून त्याला कर्नाळ्याच्या अलीकडे थांबवलं. तो घिरट्या घालत राहिला. मग आपटा गावाजवळ वालाच्या शेतात पडला. इंजिन हवेतच बंद झालं होतं म्हणे. शेतात शेंगा तोडणाऱ्या बायका होत्या, त्या पळाल्या, कोणाला लागलं नाही. शेपटी तुटून वेगळी पडलीय. त्याला बाहेर काढलं तेव्हा शुद्धीवर होता, पाय हलत नाहीत म्हणत होता.

श्रुती आली. मला बिलगली आणि बाबा, बाबा म्हणत रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचा फोन अजून माझ्याच खिशात होता. बंद.

११ फेब्रुवारी, बुधवार

पायांत जाणीव आलीय. कमरेचा मणका मोडलाय, चालेल म्हणतात डॉक्टर, उडण्याचं विचारू नका म्हणतात.

टाकी कोरडी निघाली. तपासणीवाले सांगून गेले. मी कॉरिडॉरमध्येच आप्पांना म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हतो? कुणीतरी काढलं. धर्मराजने जाता जाता डाव साधला. आप्पा घड्याळाकडे बघत राहिले.

दुपारी धर्मराज आला. माझ्याकडे न बघता आत गेला. मी दाराशी उभा राहिलो. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही.

"दादा, कॅन बदलल्यालं. गळ्यापतुर भरत हुतो आपुन, त्यो न्हवता. थिटं कॅन हुतं. मी लै वरडलो."

"कोणी बदलले?"

धर्मराजने दाराकडे पाहिलं. शौनकनेही पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

म्हणजे वरचे चार लिटर बाजारात जात नव्हते. चुलीतही जात नव्हते. टाकीत जात होते. प्रत्येक कॅनचे. दोघांनी मिळून माझ्या तीन कॅनांत राखीव कोंबलं होतं, आणि तो तीन कॅन मोजून समजत होता की वरचं आहे. काटा कमी दाखवत होता, दिवा लागला होता, पण काटा तर रोजच कमी दाखवतो. कॅन खोटं बोलत नाही.

मला राग आला. लिहितो, राग आला. माझ्या पाठीमागे, मला फसवून! मला सांगितलं असतं तर?

सांगितलं होतं. जेवताना, सगळ्यांसमोर.

माझं माप बरोबर होतं. साठ म्हणजे साठच होते. हे आज मी स्वतःला किती वेळा सांगितलं देव जाणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

वैजयंती आणि श्रुती कँटीनमध्ये गेल्या तेव्हा शौनकने मला हाक मारली. पहिल्यांदाच एकटे होतो.

"चौकशीवाले बुधवारी येणार. तुम्हाला विचारतील. तीन कॅन घातले, एवढंच सांगा. खरंच आहे ते."

"आणि तुम्ही?"

"दिवा लागला तरी मी उतरलो नाही. टाकीत किती आहे ते बघणं पायलटचं काम. तेच सांगणार. कॅनचं काही निघणार नाही. धर्मराजला सांगितलंय, तो तोंड उघडणार नाही."

"म्हणजे लायसन्स जाईल तुमचं."

"जाईल."

"कशापायी हे?"

त्याने छताकडे बघत उत्तर दिलं. "तुमच्यासाठी नाही. तुमचं तोंडसुद्धा बघवत नाही मला. पण तुम्ही माझा फोन बंद केलात, हे श्रुतीला कळलं तर तिला बाप राहणार नाही. तिला अजून लागतो."

मी उठून बाहेर आलो. वर्षभर या माणसाला मी फुकट्या म्हणत होतो, मनातल्या मनात आणि कधी कधी मोठ्यानेही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी अधिकारी नावड्याच्या शेडमध्येच बसला होता. दिल्लीहून आलेला, मराठी माणूस, शांत. चहा विचारला तर नको म्हणाला.

किती इंधन घातलं?

तीन कॅन.

कोणी घातलं?

कान्हा.

रोज कोण घालायचं?

धर्मराज.

मग त्या दिवशी तो का नव्हता?

इथे मी अडकलो. त्याला चोर म्हटलं की प्रश्न मिटत होता. चोर होता, काढून टाकला, नवा माणूस चुकला असेल. अधिकाऱ्याचं पेन तयार होतं. शेडच्या दाराबाहेर धर्मराज उकिडवा बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता. शौनकने गप्प बसवला होता त्याला.

आणि माझं डोकं फिरलं. चांगुलपणाने नाही, कोणी तसं समजू नये. माझ्या ताटात जेवलेला माणूस आता माझ्या अब्रूवरही उपकार करणार? त्याचं लायसन्स घालवून मला श्रुतीचा बाप ठेवणार? आणि मी उरलेलं आयुष्य त्याच्याकडे बघून मान खाली घालणार? त्याच्या उपकारावर जगण्यापेक्षा मेलेलं बरं.

"कॅन मी बदलले," मी म्हटलं. "कोणाला सांगितलं नाही. धर्मराजने हलका आहे म्हणून सांगितलं, मी त्याला धरून ठेवला. एक कॅन वर घाल म्हणाला, तो घातला नाही. त्याने पायलटला फोन केला, तो मी बंद केला. धर्मराजने चोरी केलेली नाही."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाला, सावकाश, पहिल्यापासून सांगा. सांगितलं. शेवटी मी विचारलं, आता पायलटचं काय? तो म्हणाला, "त्यांची चूक राहतेच. पण एकट्यांची राहत नाही."

बाहेर आलो तर आप्पा अंगावर धावून आले. "दाजी, गप्प बसायला काय पैशे पडत होते? इन्शुरन्सवाले आता हात वर करणार! सगळा धंदा बसवला तुमी माझा!" धर्मराज उठला, माझ्याजवळ आला. वाटलं मारतो. तो जमिनीवर थुंकला आणि निघून गेला.

घरी श्रुतीला आधीच कळलं होतं. आप्पांनीच फोन केला असणार.

"त्याचा फोन तुम्ही बंद केलात?"

"हो."

"धर्मराजकाका फोन करत होते, ते बघून?"

"हो."

आणखी विचारेल म्हणून उभा होतो. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली.

१ मार्च, रविवार

शौनकला आज सकाळी हॉस्पिटलातून सोडलं. साताऱ्याला त्याच्या आईवडिलांकडे जाणार, श्रुतीही. कमरेला पट्टा, चालतो एकेक पाऊल. आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. खाली गाडीतच थांबला होता. गाडी धर्मराज चालवणार होता.

वैजयंतीने लाडूंचा डबा, लोणचं, उशी असं काय काय खाली नेलं. चौकशीच्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलतेय. श्रुती उरलेल्या बॅगा न्यायला वर आली होती, मी एक उचलली तर तिने हातातून काढून घेतली.

मागोमाग गाडीपाशी गेलो. मी श्रुतीला म्हटलं, पोहोचलीस की फोन कर. ती मागच्या सीटवर बसली आणि समोर बघत राहिली. धर्मराजने इंजिन सुरू केलं. तेव्हा पुढे बसलेल्या शौनकने सावकाश, कमरेतून सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. दुखत होतं, ते दिसलं.

"मी करीन," म्हणाला.

घर मोकळं झालं. वर्षभर हेच मागत होतो मी. दोन्ही खोल्यांतून फिरून आलो, मग पुन्हा फिरून आलो, मग बसून राहिलो.

संध्याकाळी फोन वाजला. मी हॅलो म्हणायच्या आत तो म्हणाला, "पोहोचलो." आणि ठेवला. पाठीमागे श्रुतीचा आवाज येत होता, कोणाशी तरी बोलत होती, शब्द कळले नाहीत.

वैजयंती स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. श्रुतीचा होता का? बोलली का तुमच्याशी?

आयुष्यात मापाचं कधी खोटं सांगितलं नाही मी. हो म्हटलं. बोलली. बराच वेळ बोलली.